शिफ्टर एका कंपनीचा, कॅसेट दुसरीची: सायकलचे भाग जुळवताना काय मोजायचं

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही गिअरची सायकल चालवा, कधी ना कधी हा प्रसंग येतोच. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) मोडलेला असतो, तालुक्याच्या दुकानात त्या मॉडेलचा नसतो आणि जो असतो तो भलत्याच कंपनीचा. दुकानदार म्हणतो, "बसतो की!" बसतो हे खरंच, कारण डिरेलरच्या बोल्टचे आटे जवळपास सगळीकडे सारखेच. पण बसलेला भाग गिअर नीट बदलेलच असं नाही.

कंपनीचं नाव ही दुय्यम गोष्ट आहे. एक भाग दुसऱ्याला जिथे भेटतो, तिथली मापं जुळली की शिमानोच्या डिरेलरखाली सनरेसची कॅसेट (मागच्या चाकावरचा चक्रांचा संच) आणि केएमसीची चेन निमूट चालते. मापं जुळली नाहीत, तर एकाच कंपनीचे दोन भागही एकमेकांशी भांडतात. किनारपट्टीवर राहणाऱ्याला एक सल्ला आधीच देऊन ठेवतो: ८ किंवा ९ स्पीडवरच (म्हणजे मागे ८ किंवा ९ चक्रं) थांबा. चेन जाड, भाग स्वस्त, अदलाबदलीला वाव सगळ्यात जास्त, आणि खाऱ्या हवेत खराब झालं तरी खिशाला फार चाट बसत नाही. ११-१२ स्पीडची हौस असेल तर करा, पण मग प्रत्येक भागासाठी पार्सलची वाट पाहायची तयारी ठेवा.

हाताशी काय हवं

- व्हर्निअर कॅलिपर (साधा प्लास्टिकचाही चालेल) आणि १२ इंची स्टीलची पट्टी
- ४, ५ आणि ६ मिमीचे अ‍ॅलन की, चेन तोडायचं हत्यार
- फ्रीव्हील काढायचं हत्यार किंवा कॅसेटच्या लॉकरिंगचं (कॅसेट जागेवर धरणाऱ्या रिंगचं) हत्यार. फ्रीव्हील आणि कॅसेट कशी ओळखायची ते मुद्दा ४मध्ये. दोन्हींना १२ खाचा असतात आणि ती सारखी दिसतात, पण व्यासात थोडा फरक आहे. एकाच्या जागी दुसरं ठोकून बसवू नका, खाचा जातात.
- कॅसेट असेल तर चेन व्हिप (लॉकरिंग सोडवताना कॅसेट फिरू न देणारं हत्यार)
- केबल कटर. पकडीने केबल कापली की टोक पिंजतं आणि आउटरमध्ये (केबलच्या कव्हरमध्ये) जात नाही.
- ग्रीस. हे विसरू नका, कारण पुढे त्याचं काम आहे.

१. आधी आहे त्याची नोंद करा

खरेदीआधी कागदावर लिहा: पुढच्या प्रत्येक चक्राचे दात, मागच्या चक्रांची संख्या, त्यातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चक्राचे दात, शिफ्टरवरचं (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्यावरचं) नाव, आणि डिरेलरचा कोड. शिमानोच्या डिरेलरवर तो बहुधा आतल्या बाजूला, चाकाकडे तोंड करून असतो. चिखल पुसल्याशिवाय दिसत नाही.

टायरच्या बाजूवरचा दुहेरी आकडाही उतरवा, उदाहरणार्थ ४०-६२२. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिमीमध्ये. हा दुसरा आकडा हाच खरा. ७००सी आणि २९ इंची दोन्ही ६२२ असतात. २७.५ म्हणजे ५८४. २६ इंची माउंटन बाइक ५५९, पण २६ × १ ३/८ चा टायर ५९०. जुन्या काळ्या सायकलचा २८ × १ १/२ हा ६३५. म्हणजे नुसतं "२६चा टायर द्या" किंवा "२८चा रिम द्या" म्हणालात तर चुकीचा माल हातात पडायची पुरेपूर सोय आहे.

२. शिफ्टर आणि मागचा डिरेलर: ही जोडी फोडू नका

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून हे सावकाश वाचा.

शिफ्टरची एक टिकटिक ठरावीक लांबीची केबल ओढते. डिरेलर त्या ओढीला स्वतःच्या गुणोत्तराने गुणतो आणि तेवढा आडवा सरकतो. हा गुणाकार कॅसेटच्या दोन चक्रांमधल्या अंतराएवढा यायला हवा. शिमानोचे आकडे साधारण असे:

- ८ स्पीड: २.८ मिमी ओढ × १.७ = ४.८ मिमी
- ९ स्पीड: २.५ × १.७ = ४.३ मिमी
- १० स्पीड रोड (जुनी): २.३ × १.७ = ३.९ मिमी
- १० स्पीड माउंटन: ३.४ × १.२ = ४.१ मिमी
- ११ स्पीड रोड: २.७ × १.४ = ३.८ मिमी
- ११ स्पीड माउंटन: ३.६ × १.१ = ४ मिमी

पहिल्या तीन ओळींत १.७ सारखाच आहे. म्हणून ९ स्पीडचा माउंटन डिरेलर ८ स्पीडच्या शिफ्टरवर चालतो, क्लॅरिस किंवा सोरा या शिमानोच्या रोड मालिकांच्या शिफ्टरवरही चालतो. डिरेलरला चक्रं मोजता येत नाहीत, मोजणी शिफ्टरमध्ये असते. ड्रॉप हँडल (खाली वाकलेलं रेसिंगचं हँडल) लावूनही आंबा किंवा कुंभार्ली घाट चढायचा असेल, तर सोराचा शिफ्टर आणि ३६ दातांपर्यंत जाणारा अलिव्हिओ एम३१०० डिरेलर ही जोडी म्हणूनच लोकप्रिय आहे.

आता चुकीची जोडी पाहा. शिफ्टर ९ स्पीडचा आणि डिरेलर १० स्पीड माउंटनचा: २.५ × १.२ = ३ मिमी. हवे होते साधारण ४.३. प्रत्येक टिकटिकीला सव्वा मिमीहून जास्त तूट. पहिल्या गिअरवर जुळवलंत तर तिसऱ्यापर्यंत चेन दोन चक्रांच्या मधोमध खडखडत बसते. बॅरल (केबलचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) कितीही फिरवा, हे सुटत नाही. गिअर एका टोकाला जुळतो आणि दुसऱ्या टोकाला सुटतो, असं दिसलं की केबलचा ताण तपासत वेळ घालवू नका, आधी जोडी तपासा.

या हिशेबात काही चकवे आहेत.

शिमानोची टियाग्रा ४७०० ही रोड मालिका नावाला १० स्पीड, पण तिचं गुणोत्तर ११ स्पीड रोडसारखं १.४ आहे. जुन्या १० स्पीडच्या डिरेलरशी तिचं जमत नाही.

शिमानोचा क्यूस हा संच २०२३मध्ये आला. त्यात ९, १० आणि ११ स्पीड तिन्हींत चक्रांमधलं अंतर एकच ठेवलंय. म्हणजे क्यूसचा ९ स्पीड शिफ्टर जुन्या ९ स्पीडच्या कॅसेटवर चालणार नाही. दुकानात दोन्ही "शिमानो नाइन स्पीड" म्हणूनच मिळतील, तेव्हा खोक्यावरचा कोड वाचा.

स्रामचे माउंटन शिफ्टर आणि डिरेलर शिमानोपेक्षा वेगळ्या ओढीचे असतात, ती जोडी एकत्रच घ्या. अपवाद म्हणजे एमआरएक्ससारखे ग्रिप शिफ्टर (मूठ फिरवून चालणारे): कंपनी स्राम, पण बनवलेत शिमानोच्या डिरेलरसाठी. मायक्रोशिफ्टचे बरेच शिफ्टर शिमानोला जुळतात, मात्र त्यांचे अ‍ॅडव्हेंट आणि अ‍ॅडव्हेंट एक्स हे स्वतंत्र आहेत.

पुढच्या डिरेलरसाठी इतकं खोलात जायला नको. पुढचा शिफ्टर आणि पुढचा डिरेलर एकाच घराण्यातले ठेवा. रोड आणि माउंटन यांची सरमिसळ तिथे करू नका.

काहीच जुळत नसेल तर टिकटिक नसलेला फ्रिक्शन शिफ्टर लावा. तो कोणत्याही डिरेलरशी बोलतो, गिअर अंदाजाने लावायचा एवढंच. लांबच्या सफरीवर निघणाऱ्याने एक फ्रिक्शन शिफ्टर पिशवीत टाकला तर वजन नगण्य आणि देवगडच्या पुढे अडकल्यावर उपयोग मोठा.

३. कॅसेट आणि चेन: इथे मोकळीक आहे

८, ९ आणि १० स्पीडच्या शिमानो, स्राम आणि सनरेसच्या कॅसेटमध्ये चक्रांमधलं अंतर व्यवहारात सारखंच आहे. स्पीड जुळला की कंपनी कोणतीही घ्या. फक्त क्यूसची लिंकग्लाइड कॅसेट या हिशेबात धरू नका. कँपाग्नोलोचं अंतर आणि खाचा दोन्ही वेगळे, पण ती वस्तू इकडे सहसा समोर येत नाही.

चेनचं तत्त्व सोपं: कॅसेटच्या स्पीडची चेन घ्या. पिनांमधलं अंतर सगळ्या चेनचं १२.७ मिमीच असतं, फरक पडतो बाहेरच्या रुंदीत. ८ स्पीडची चेन सुमारे ७.१ मिमी, ९ची ६.६, १०ची ५.९, ११ची ५.६. ९ची चेन ८च्या कॅसेटवर चालून जाते. उलट केलंत तर जाड चेन शेजारच्या चक्राला घासते. साध्या सायकलची चेन आतून ३.१८ मिमी रुंद आणि गिअरची साधारण २.२ ते २.४. गावात गिअरची चेन नसली की साधी चेन तोडून लावून द्यायचा मोह मेकॅनिकला होतो. पुढच्या चक्रावर ती छान गुंडाळली जाते, मागे मात्र कॅसेटमध्ये अडकते. नको म्हणा.

जोडकडीही त्याच स्पीडची घ्या. शिमानोची जोडपिन एकदाच वापरायची असते, काढलेली परत ठोकू नका.

चेन किती झिजलीय हे पट्टीने कळतं. १२ इंचांत नव्या चेनच्या पिना एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बरोबर जुळतात. शेवटची पिन १/१६ इंच पुढे गेली तर अर्धा टक्का झीज, १/८ इंच गेली तर एक टक्का. ८ ते १० स्पीडला पाऊण टक्क्याच्या आसपास चेन बदला, ११ला अर्ध्यावरच. उशीर केलात तर झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन दात सोडून उड्या मारेल आणि दोन्हींचा खर्च एकदम येईल.

४. फ्रीव्हील की कॅसेट, हे ओळखा

६-७ स्पीडच्या स्वस्त सायकलींना बहुतेक वेळा फ्रीव्हील असतं. चाक काढून मागची चक्रं उलटी फिरवा. मधली हत्याराच्या खाचांची रिंग चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर थांबली तर फ्रीव्हील.

फ्रीव्हील हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आट्यांवर चढतं. माप १.३७ इंच, दर इंचाला २४ आटे, आणि ते जवळपास सगळ्या कंपन्यांचं एकच. त्यामुळे ७ स्पीडचं कुठल्याही कंपनीचं फ्रीव्हील चढवता येतं. काढताना हत्यार व्हाइसमध्ये धरा आणि चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पॅडलच्या प्रत्येक जोराने ते घट्ट होत गेलेलं असतं, एकट्याने जमत नसेल तर दुसऱ्याला हात लावायला सांगा. चढवताना आट्यांना भरपूर ग्रीस, नाहीतर दोन पावसाळ्यांनंतर ते हबसकट फेकावं लागेल.

फ्रीव्हीलची खरी अडचण एक्सलची आहे. उजवीकडची बेअरिंग आत राहते, एक्सलचा बराच भाग आधाराविना बाहेर येतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तो वाकतो. म्हणून ७ वरून ८-९ स्पीडला जायचं असेल तर मोठं फ्रीव्हील शोधण्यापेक्षा फ्रीहबचं (हबचा तो भाग, ज्यावर कॅसेट सरकवून बसते) चाक घ्या.

शिमानोच्या सर्वसाधारण फ्रीहबवर ८, ९ आणि १० स्पीड बसतात (१०च्या काही रोड कॅसेटला मागे १ मिमीची रिंग लागते). ७ची कॅसेट त्यावर बसवायची तर मागे ४.५ मिमीची रिंग लागते. ही युक्ती कामाची आहे: जुना ७चा शिफ्टर तसाच ठेवून मजबूत चाक मिळतं. ११ स्पीड रोडचा फ्रीहब १.८५ मिमी जास्त लांब असतो, त्यावर ८-९-१० बसवताना तेवढ्याच जाडीची रिंग टाका. रिंग विसरलात तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट हलत राहते. मायक्रो स्प्लाइन आणि एक्सडी हे फ्रीहब वेगळ्याच खाचांचे, त्यावर यातलं काही बसत नाही. स्वस्तात चाक मिळतंय म्हणून घेताना हे पाहा.

५. चाक फ्रेममध्ये बसतं का

मागच्या दोन्ही ड्रॉपआउटमधलं (फ्रेमच्या एक्सल बसायच्या खाचांमधलं) आतलं अंतर कॅलिपरने मोजा. जुनी रोड सायकल १३० मिमी, हायब्रिड आणि माउंटन १३५, थ्रू एक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा) १४२ किंवा १४८. पुढे क्विक रिलीज (खटक्याने सुटणारं चाक) असेल तर १००. १३०च्या स्टीलच्या फ्रेममध्ये १३५चं चाक ताणून बसवता येतं, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर तो प्रयोग करू नका, तडा जातो.

ब्रेकही पाहा. डिस्कच्या चाकाच्या रिमला ब्रेक लावायची पट्टी नसते, तिथे व्ही-ब्रेक चालणार नाही. डिस्क सहा बोल्टची आहे की सेंटर लॉक (मधल्या एकाच रिंगने आवळायची)? सेंटर लॉक हबवर अ‍ॅडॉप्टरने सहा बोल्टची डिस्क बसते, उलट होत नाही. रोटरवर (म्हणजे डिस्कवर) फक्त रेझिन पॅडची सूचना छापलेली असेल तर मेटल पॅड लावू नका, रोटर झिजून जातो.

तारा विणून घेणार असाल तर हब आणि रिमची भोकं सारखी हवीत. आज ३२ किंवा ३६ मिळतात, काळ्या सायकलींत पुढे ३२ आणि मागे ४० अशी जुनी रीत होती. हब बदलला की तारांची लांबी बदलते. जुन्या तारा "ओढून बसवतो" म्हणणाऱ्याला बसवू देऊ नका. निप्पल (तारेच्या टोकाचा नट) पितळी घ्या. स्टीलच्या तारेवर अ‍ॅल्युमिनियमचा निप्पल इथल्या हवेत पांढरी भुकटी सोडतो आणि पुढच्या आउट काढण्याच्या वेळी तुटून हातात येतो.

६. डिरेलरला किती झेपतं

दोन आकडे पाहायचे: सगळ्यात मोठं चक्र किती दातांचं चालेल, आणि एकूण क्षमता किती. क्षमतेचा हिशेब असा: पुढच्या मोठ्या-लहान चक्रातला फरक अधिक मागच्या मोठ्या-लहान चक्रातला फरक. पुढे ४८-३८-२८ आणि मागे १४-२८ असेल तर २० + १४ = ३४. मागे ११-३४ केलंत तर २० + २३ = ४३. इथे लांब पिंजऱ्याचाच (पिंजरा म्हणजे डिरेलरच्या दोन छोट्या चाकांची चौकट) डिरेलर लागतो, आखूड पिंजऱ्याचा लहान-लहान जोडीवर चेन लोंबकळत ठेवेल.

एवढा खटाटोप चढांसाठी. आरे-वारे, पूर्णगड, जयगडच्या आसपासचे चढ लांब नाहीत, पण खाडीतून वर येताना अचानक उभे राहतात. पुढे २८ आणि मागे २८ असेल तर पॅडलच्या एका फेरीत ७००सीची सायकल साधारण २.२ मीटर पुढे जाते, मागे ३४ केलंत की १.८ मीटर. सामान लादलं असेल तर हा फरक गुडघ्यांना लगेच कळतो.

७. जोडणी

फ्रीहबच्या खाचांना पातळ ग्रीस लावा, कॅसेट सरकवा (एक खाच वेगळ्या रुंदीची असते, चक्रं एकाच पद्धतीने बसतात), लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरने आवळा. टॉर्क पाना नसेल तर हातभर लांबीच्या पान्याने चांगला जोर, आणि टरटर आवाज ऐकू येईपर्यंत.

डिरेलर हँगरला (फ्रेमवरचा डिरेलर धरणारा तुकडा) ८ ते १० न्यूटन-मीटरने आवळा. चेनची लांबी अशी घ्या: डिरेलरमधून न नेता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावर गुंडाळा, जिथे टोकं भेटतात त्यापुढे एक आतली आणि एक बाहेरची कडी ठेवून तोडा. आखूड चेन मोठ्या-मोठ्या जोडीवर टाकली गेली तर डिरेलर उखडून तारांत जातो.

केबल जोडण्याआधी डिरेलरचे दोन्ही मर्यादा स्क्रू (तो टोकापलीकडे सरकू नये म्हणून असलेले) जुळवा: एचने डिरेलर सगळ्यात लहान चक्राखाली थांबला पाहिजे, एलने सगळ्यात मोठ्याखाली. मग केबल ताणून ६ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा, टिकटिकी बॅरलने जुळवा. डिरेलरचं वरचं छोटं चाक आणि सगळ्यात मोठं चक्र यांत ५-६ मिमी मोकळं राहील एवढा बी-स्क्रू (हे अंतर ठरवणारा डिरेलरवरचा स्क्रू) फिरवा.

गिअरचा आउटर ४ मिमीचा आणि आतून उभ्या तारांचा असतो, ब्रेकचा ५ मिमीचा आणि वेटोळ्याचा. ब्रेकचा आउटर गिअरला लावला तर तो दबतो आणि गिअर कधीच स्थिर होत नाही. गिअरचा ब्रेकला लावला तर जोराच्या ब्रेकला उभ्या तारा फाटून बाहेर येतात, आणि हे उतारावरच होतं. दुकानात "वायरचं कव्हर" म्हणून दोन्ही एकाच डब्यात असतात.

८. मीठ, पाऊस, लाल माती

वेगवेगळे धातू एकत्र आले आणि वर खारं पाणी पडलं की गंज झपाट्याने धरतो. स्टीलची सीटपोस्ट अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये, स्टीलचे पॅडल अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये, बॉटम ब्रॅकेटचे (क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो त्या भागाचे) आटे: जोडताना सगळीकडे ग्रीस आणि वर्षातून एकदा सोडवून पुन्हा ग्रीस. सोडवताना लक्षात असू द्या, डाव्या पॅडलचे आटे उलटे, आणि नेहमीच्या आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये उजवा कप उलटा.

केबल स्टेनलेस घ्या, पैसे वसूल होतात. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवरून उतरल्यावर किंवा पुळणीवर सायकल नेल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण गाडी धुवायच्या प्रेशर पंपाने नको, तो हबमधलं ग्रीस बाहेर काढतो. मग चेन पुसून दर कडीला एक थेंब वंगण. पावसाळ्यात जाड ओलं वंगण, उन्हाळ्यात पातळ, नाहीतर जांभ्याची धूळ त्यात कालवली जाऊन पॉलिश पेपरसारखी दात खाते. घरात खोबरेल मुबलक असलं तरी चेनला लावू नका, थंडीच्या पहाटे ते थिजतं आणि एरवी धूळ धरतं.

भाग मागवतानाच डिरेलरचा हँगर वेगळा मागवून ठेवा. तो कंपनीनुसार नव्हे, फ्रेमनुसार बदलतो, त्यामुळे जुन्याचा फोटो, दोन्ही बाजूंचा, आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर मिमीमध्ये विक्रेत्याला पाठवा. सायकल आडवी पडून वाकलेला हँगर डोळ्यांना सरळ वाटतो, पण नव्या डिरेलरलाही गिअर लागू देत नाही.